मोटार जुनी चालेल, दगड नवाच हवा

चाकणच्या आसपास, म्हणजे खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे या पट्ट्यात, ज्याच्या घरामागे एखादी पत्र्याची शेड आहे त्याला कधी ना कधी बेंच ग्राइंडर घ्यावासा वाटतोच. आठवडाभर कंपनीत व्हीएमसीवर उभा राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी घरी गेटची कडी वेल्ड करतो, शेजाऱ्याच्या खुरप्यांना आणि कोयत्यांना धार लावून देतो, बोथटलेले ड्रिल बिट पुन्हा वापरात आणतो. या सगळ्याला टेबलावर घट्ट बसवलेला, दोन्ही हात मोकळे ठेवणारा ग्राइंडर लागतो. मग कोणीतरी सांगते की अमक्या युनिटमध्ये एक जुना पडून आहे, स्वस्तात देतील. घ्यावा का?

या भागात जुने ग्राइंडर इतके सहज मिळतात त्याला कारण आहे. पूर्वी टर्नरचे अर्धे कसब ग्राइंडरवर दिसायचे. हायस्पीड स्टीलचा चौकोनी टूल बिट घ्यायचा, त्याला समोरचा, बाजूचा आणि वरचा कोन हाताने द्यायचा आणि मगच लेथला हात लावायचा. आयटीआयमध्ये हा धडा सुरुवातीलाच गिरवून घेत. पिंपरी-चिंचवड, भोसरीत कारखानदारी वाढली त्या काळातल्या प्रत्येक छोट्या शॉपमध्ये म्हणूनच कोपऱ्यात एक तरी ग्राइंडर असे. पुढे १९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांकडे सीएनसी मशीन आली. सीएनसीवर कार्बाइडचा इन्सर्ट असतो. त्याची एक कड झिजली की स्क्रू सैल करून दुसरी कड पुढे घ्यायची, सगळ्या कडा संपल्या की इन्सर्ट भंगारात टाकायचा. धार लावायचा प्रश्नच उरला नाही आणि कोपऱ्यातला ग्राइंडर महिनोन् महिने बंद राहू लागला. युनिट जागा बदलते, बंद पडते किंवा शेड रिकामी करते तेव्हा तो बाहेर येतो.

तो कुठून बाहेर येतो यावरही बरेच अवलंबून असते. चिखलीजवळच्या कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची गोदामे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली, तेव्हापासून तो व्यवसाय बराच विखुरला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथेही ग्राइंडर दिसतात. माझे मत विचाराल तर भंगारवाल्यापेक्षा थेट युनिटमधून, जागेवर बसवलेला आणि वायर जोडलेला ग्राइंडर घेणे कधीही चांगले. तो चालू करून पाहता येतो, त्यावर काय घासले जात होते ते विचारता येते, आणि कोणत्या फेजवर चालतो हे भिंतीवरच दिसते.

जुनी वस्तू म्हणून बेंच ग्राइंडर हा मुळात वाईट सौदा नाही, हे आधी सांगायला हवे. त्याच्यात असते काय? एक इंडक्शन मोटार, तिचा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला शाफ्ट, दोन बेअरिंग आणि दोन टोकांना दोन दगड. गिअर नाही, पट्टा नाही, कार्बन ब्रश नाही. हातातला अँगल ग्राइंडर किंवा ड्रिल मशीन जुने घेतले तर ब्रश, कम्युटेटर, गिअर सगळे झिजलेले असते. इंडक्शन मोटारीत घासला जाणारा भाग म्हणजे बेअरिंग, आणि ते बदलता येते. वाइंडिंग जळलेले नसेल आणि शाफ्ट सरळ असेल, तर वीस-पंचवीस वर्षांची मोटारही पुढे तितकीच चालू शकते. जुन्या यंत्रांची बॉडी बहुधा बिडाची आणि जड असते, त्यामुळे टेबलावर कमी थरथरते. रॅलीवुल्फ, शिरोळची केपीटी, बॉश असे नाव नेमप्लेटवर असेल तर सुटे भाग शोधणेही सोपे जाते.

पण नेमप्लेटवर नावाच्या आधी फेज वाचा. चाकणमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कारखान्यातला ग्राइंडर बहुधा थ्री फेजचा असतो, प्लेटवर ४१५ व्होल्ट लिहिलेले असते. घरी येते ते सिंगल फेज, २३० व्होल्ट. विकणारा म्हणतो, "दादा, कंडेन्सर टाकला की घरी चालतो." चालतो, हे खरे. पण कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, लावून थ्री फेज मोटार सिंगल फेजवर फिरवली की तिची ताकद घटते, तिन्ही वाइंडिंगमधून सारखा करंट जात नाही आणि जोर दिला की ती तापते. नीट मार्ग म्हणजे व्हीएफडी, ज्याला शॉपमध्ये नुसते ड्राइव्ह म्हणतात. सिंगल फेज आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारा छोटा ड्राइव्ह मिळतो, मात्र तो बाहेरही २३० व्होल्टच देतो. छोट्या मोटारी ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोके बाहेर काढलेली असतील तर पट्ट्या बदलून तीच मोटार डेल्टामध्ये जोडता येते आणि २३० वर पूर्ण ताकदीने चालते. तीनच टोके बाहेर असतील तर मोटार उघडून आतले जोड शोधावे लागतात. म्हणून सौद्याच्या आधी टर्मिनल बॉक्सचे झाकण काढून पाहावे. आणि ड्राइव्हची किंमत धरली की स्वस्त ग्राइंडर स्वस्त राहत नाही.

काही जण म्हणतात, शेतात मोटारीचे थ्री फेज कनेक्शन आहे, त्यावर लावू. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणे नियमात बसत नाही, तो मार्ग धरू नये. घराचा मीटरच थ्री फेजचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही पहिल्यांदा चालू करताना फिरण्याची दिशा पाहावी. दगडाचा समोरचा काठ वरून खाली, टूल रेस्टकडे आला पाहिजे. दोन फेज उलटसुलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो, आणि हे नुसते गैरसोयीचे नाही. ग्राइंडरच्या उजव्या टोकाला नेहमीचे आटे असतात आणि डाव्या टोकाला उलटे, कारण फिरताना दोन्ही नट आवळले जावेत. दिशा उलटली की दोन्ही नट सैल व्हायला लागतात.

आता दगडाकडे येऊ, कारण जीव जाण्याचा किंवा डोळा जाण्याचा धोका सगळा तिथे आहे. १५० मिमीचा, म्हणजे सहा इंची दगड आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेतो. त्याच्या काठाचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे ताशी सुमारे ८० किलोमीटर. २०० मिमीच्या दगडाचा काठ ताशी १०७ किलोमीटरच्या आसपास पळतो. सहा इंची दगडाच्या काठावरचा १० ग्रॅमचा तुकडा त्या वेगाने जवळजवळ पावणेसात किलोच्या ओढीने बाहेर खेचला जात असतो. त्याला धरून ठेवते ते फक्त दगडातले बंधन. दगड म्हणजे कुरुंदाचे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, टोकदार कण भट्टीत काचेसारख्या मातीने एकमेकांना चिकटवलेले. हे बंधन दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. त्यात केसाएवढी चीर असली तरी ती फिरताना उघडते.

ही चीर डोळ्याला दिसेलच असे नाही. म्हणून दगड वाजवून पाहायचा. तो शाफ्टवरून काढायचा, कोरडा पुसायचा, भोकात बोट किंवा पेन्सिल घालून लोंबता धरायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करायचे. मारायची जागा ठरलेली आहे: सरळ उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, काठापासून इंच-दोन इंच आत. मग दगड थोडा फिरवून पुन्हा. शाबूत दगड काशाच्या भांड्यासारखा खणखणीत वाजतो. चीर गेलेला बद्द आवाज करतो आणि आवाज तिथेच विरतो. तेल प्यायलेला किंवा ओला दगडही बद्द वाजतो, आणि तोही टाकायच्याच लायकीचा. दगडात लाखो सूक्ष्म पोकळ्या असतात. कूलंट किंवा तेल त्यात शिरले की बंद यंत्रात ते खालच्या बाजूला गोळा होते, आणि दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर दगड एका अंगाने जड झालेला असतो.

तरीही, वाजवून खणखणीत निघालेला जुना दगडही मी ठेवायला सांगणार नाही. कारण त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. तो कधी खाली पडला होता का, त्यावर ॲल्युमिनियम घासले होते का, त्याच्या बाजूच्या सपाट अंगावर कोणी जोर देऊन छन्नी घासली होती का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू दगडाच्या पोकळ्या भरून टाकतो, मग दगड कापत नाही, नुसता घासतो आणि तापतो. मधला कागदी गोल फाटलेला असेल तर त्यावर छापलेली जास्तीत जास्त आरपीएमची मर्यादाही गेलेली असते. ज्या दगडाची आरपीएम वाचता येत नाही तो दगड फिरवायचा नाही, याला अपवाद नको. भंगारातून आणलेल्या दोन्ही दगडांची किंमत शून्य धरा आणि ते फोडून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही.

नवे दगड महाग वस्तू नाहीत आणि आपल्याकडे चांगले बनतात. उरणजवळ मोरा इथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलने दगड बनवायला सुरुवात केली, तीच आजची ग्राइंडवेल नॉर्टन. कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ पासूनची. घरच्या कामाला एका बाजूला ३६ ग्रिटचा भरड आणि दुसऱ्या बाजूला ६० किंवा ८० ग्रिटचा बारीक दगड पुरतो. साध्या स्टीलला करडा ॲल्युमिनियम ऑक्साइड चालतो. ब्रेझ केलेल्या कार्बाइडच्या टूलला मात्र हिरवा सिलिकॉन कार्बाइडच लागतो, करड्या दगडावर कार्बाइड झिजत नाही, दगडच झिजतो. दगडाचे भोक पुष्कळदा ३१.७५ मिमी, म्हणजे सव्वा इंच असते आणि शाफ्ट त्याहून बारीक, मध्ये बुश येतो. दगड शाफ्टवर हाताने सहज सरकला पाहिजे, ठोकून बसवायचा नाही आणि ढिलाही ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंच्या फ्लँज एकाच मापाच्या, दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश आणि मधोमध खोलगट हव्यात, म्हणजे पकड कडेला बसते. जुन्या ग्राइंडरवर पुष्कळदा एक मूळची फ्लँज आणि दुसरीकडे नुसता वॉशर दिसतो. तो वॉशर दगडाला भोकाजवळ दाबतो आणि चीर तिथून सुरू होते.

मोटार तपासायला घाई करू नये. आधी वीज बंद ठेवून दगड उतरवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. खरखर, अडखळणे, एखाद्या ठिकाणी जड जाणे हे बेअरिंगचे बोलणे असते. शाफ्टचे टोक वर-खाली हलवून पाहा, खेळ जाणवता कामा नये. लांबीच्या दिशेने किंचित हलले तर चालते. बेअरिंग गेले असेल तर त्याने बिचकू नका. छोट्या ग्राइंडरला ६२०२, ६२०३ अशा नेहमीच्या नंबरची बेअरिंग असतात. ६२०३ म्हणजे १७ मिमी आतला व्यास, ४० बाहेरचा, १२ जाडी, कोणत्याही दुकानात मिळते. फक्त नकली माल टाळा. घाबरायचे ते बेअरिंगच्या घराला. बेअरिंगचे बाहेरचे कडे घरात फिरत राहिल्याने घरच मोठे झाले असेल, तर नवे बेअरिंगही सैल बसणार. ते भरून पुन्हा बोअर करणे घरच्या ग्राइंडरसाठी परवडत नाही.

त्यानंतर डायल गेज. चाकणमध्ये ते उसने मिळायला अडचण नाही. मॅग्नेटिक बेस बॉडीला चिकटवा, टोक शाफ्टच्या दगड बसतो त्या भागावर टेकवा आणि शाफ्ट सावकाश हाताने फिरवा. काटा ५० मायक्रॉनच्या आत हलला तर उत्तम. शंभराच्या पुढे गेला तर शाफ्ट वाकलेला आहे, आणि वाकलेल्या शाफ्टचा ग्राइंडर फुकट मिळाला तरी नको. दगड कितीही ड्रेस केला, म्हणजे घासून सारखा केला, तरी तो यंत्राला हलवत राहतो.

मग दगडाशिवाय चालू करून पाहा. सिंगल फेजची मोटार नुसती गुणगुणली आणि सुटली नाही तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, तो थोडक्या पैशांत बदलता येतो. वेग पकडल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा. बॉडी कोमट होणे ठीक, हात ठेववत नसेल किंवा जळक्या वॉर्निशचा वास येत असेल तर वाइंडिंगचे दिवस भरले आहेत. प्लेटवर एस-२ ३० मिनिटे असे लिहिले असेल तर ते यंत्र सलग अर्ध्या तासासाठीच आहे, हेही वाचून घ्या. बंद केल्यावर शाफ्ट किती वेळ फिरत राहतो ते ऐका. चांगल्या बेअरिंगवर तो बराच वेळ, आवाज न करता फिरतो. शेवटी बॉडी आणि वाइंडिंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, रीडिंग घ्या. एक मेगाओहमच्या खाली आले तर पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून त्या बिडाच्या बॉडीला हात लावायचा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर घासाघीस करू नये. गार्ड. दगडाभोवतीचे कवच, त्याचे बाजूचे झाकण, वरची ठिणगी अडवणारी पट्टी आणि टूल रेस्ट, हे चारही मूळचे आणि जागेवर हवेत. टूल रेस्ट आणि दगड यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर खुरप्याचे पाते खाली ओढले जाते, मागोमाग बोट जाते आणि दगडही फुटू शकतो. वरची पट्टी दगडापासून ६ मिमीच्या आत. दगड झिजत जाईल तसे दोन्ही पुढे सरकवता आले पाहिजे, म्हणजे त्यांचे स्लॉट आणि बोल्ट शाबूत हवेत. पुष्कळ जुन्या ग्राइंडरचे बाजूचे झाकण कोणीतरी मोठी वस्तू घासायला म्हणून काढून टाकलेले असते. "पत्र्याचे बनवून घ्या की," असे सांगतात. ताशी ८० किलोमीटरने सुटलेला दगडाचा तुकडा पातळ पत्रा फाडून जातो. मूळचे कवच मिळत नसेल तर तो ग्राइंडर तिथेच ठेवून या.

किती द्यावे? मी हिशेब असा करतो: तेवढ्याच मापाच्या नव्या ग्राइंडरची दुकानातली किंमत घ्यायची, तिच्यातून दोन नवे दगड, दोन बेअरिंग, एक कपॅसिटर आणि नवी थ्री-पिन केबल यांचा खर्च वजा करायचा. उरेल त्याच्या निम्म्यापर्यंत मागणी असेल तर सौदा चांगला. तपासताना बेअरिंग ठीक वाटली तरी तो खर्च धरायचाच. घरी आणल्यावर त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, स्वतःचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग द्या. अर्ध्या एचपीची मोटार चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, सहा अँपिअरच्या सॉकेटवर आणि बारीक एक्स्टेन्शनवर ती धडपडत सुटते आणि दर वेळी थोडी जळते.

प्रत्येकाला ग्राइंडर लागतोच असेही नाही. घरातल्या सुऱ्या आणि विळीसाठी तो घेऊ नका. सुताराची पटाशी आणि रंध्याचे पाते यांनाही २८५० फेरे जास्तच होतात. कार्बन स्टील २३० अंशांच्या आसपास पिवळसर आणि ३०० च्या आसपास निळे पडते, आणि निळी झालेली कड मऊ झालेली असते. ही कामे पाण्याच्या दगडावर हाताने होतात. फक्त वेल्ड साफ करायचे असेल तर हातातला अँगल ग्राइंडर पुरे. पण बेंच ग्राइंडरचा दगड कधीही अँगल ग्राइंडरवर चढवू नका. तिथे ११,००० फेरे असतात आणि दगडावरचा ताण जवळजवळ पंधरा पट होतो.

ड्रिल, टूल बिट, छन्नी, कोयता, खुरपे यांची धार ज्याला महिन्यातून चार-सहा वेळा लावावी लागते त्याने जुना ग्राइंडर जरूर घ्यावा, सिंगल फेजचा आणि पूर्ण गार्डचा. नवा दगड चढवल्यावर बाजूला उभे राहून तो एक मिनिट रिकामा फिरू द्या, मगच समोर या, आणि डोळ्यांवर पूर्ण झाकणारा गॉगल असल्याशिवाय स्विच दाबू नका. चाकणमध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तीत एखादा फिटर, टूलरूमवाला किंवा मेंटेनन्सचा माणूस राहतो. बघायला जाताना त्याला चहा पाजा, डायल गेज आणि मेगर घेऊन सोबत न्या, आणि तो नको म्हणाला तर रिकाम्या हाताने परत या.